रोजचे ४८ पेन्स आणि हॅपी व्हॅली

दर एप्रिलमधे आमच्या लीड्समधल्या मराठी मित्रांत एक वाद ठरलेला असतो, टीव्ही लायसन्स भरायचं की बंद करायचं. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, ब्रिटनमधे घरात लाइव्ह टीव्ही बघायचा असेल, मग चॅनल कुठलंही असो, किंवा बीबीसीचं आयप्लेअर वापरायचं असेल तर दर घराला वर्षाची फी आहे, एप्रिल २०२५ मधे ती १७४.५० पाउंड झाली, आणि बीबीसीचा बराचसा कारभार त्याच पैशावर चालतो. नुसत्या नेटफ्लिक्सवरच्या मालिका बघणार असाल तर ती लागत नाही. त्यामुळे मित्रांचं म्हणणं सरळ आहे, मुलं यूट्यूबवर असतात, आपण नेटफ्लिक्सवर, बीबीसी बघतंय कोण, मग पावणेदोनशे पाउंड कशाला घालवायचे. इथे आल्यावर पहिली चार वर्षं मी पण हेच म्हणायचो आणि लायसन्स घेतलंच नव्हतं. माझं मत बदललं ते ब्रिटिश आणि अमेरिकन मालिका बघून बघून, आणि आता मला ठाम वाटतं की ही फी टिकली पाहिजे, तिच्यात दुरुस्ती हवी पण ती मोडू नये, आणि शिवाय नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांकडूनही इथल्या मालिकांसाठी पैसे घेतले पाहिजेत. का ते लिहितो. पुढे काही मालिकांचे शेवट सांगितलेत, ज्यांनी बघितल्या नाहीत त्यांनी आधी बघून या, खरंच.

सुरुवात हॅपी व्हॅलीपासून. सॅली वेनराइट या लेखिकेची मालिका, बीबीसीवर २०१४, २०१६ आणि २०२३ असे तीन सीझन, दर वेळी सहा भाग, म्हणजे सगळे मिळून फक्त अठरा. वेस्ट यॉर्कशायरमधलं कॅल्डर व्हॅली हे खोरं, हॅलिफॅक्स, सोवर्बी ब्रिज, हेब्डन ब्रिज ही गावं, आमच्या घरापासून ट्रेनने अगदी जवळ, एकेकाळी कापडाच्या गिरण्यांवर जगलेला भाग. कॅथरीन केवूड ही तिथली पोलीस सार्जंट. तिच्या मुलीने बलात्कारानंतर बाळाला जन्म देऊन आत्महत्या केलीय, तो नातू रायन कॅथरीन वाढवतेय, आणि त्या मुलाचा बाप टॉमी ली रॉइस तुरुंगातून सुटून परत गावात आलाय. एवढी गोष्ट. पण सारा लँकेशरने ती बाई अशी उभी केलीय की मला रस्त्यात हाय व्हिज जॅकेटमधली पोलीसबाई दिसली तरी अजून तीच आठवते.

पहिल्यांदा मी ती आईबरोबर बघितली. आई कऱ्हाडहून तीन महिन्यांसाठी आली होती, बाहेर पाऊस, घरात काय करणार म्हणून लावली. यॉर्कशायरची बोली तिला अजिबात कळत नव्हती, मी मधे मधे थांबवून सांगायचो. कॅथरीन आणि तिची बहीण क्लेअर घराच्या मागच्या दाराशी चहाचे मग घेऊन बसतात आणि बोलतात, असे प्रसंग त्या मालिकेत बरेच आहेत, तिसऱ्या चौथ्या भागापर्यंत आई मला म्हणाली थांबवू नको आता, मला कळतंय, ह्या दोघी माझ्यासारख्या आणि तुझ्या मावशीसारख्या बोलतायत, एक चिडते आणि दुसरी ऐकून घेते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ही मालिका जगासाठी म्हणून लिहिलेली नाही. त्या खोऱ्यातल्या बायका कशा बोलतात, चहा कुठे पितात, ड्रग्जने गावातली कोणती घरं पोखरलीत, हे सगळं माहीत असलेल्या बाईने तिथल्या लोकांसाठी लिहिलंय, आणि तरी कऱ्हाडच्या बाईला ते पोचलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनमधे जवळजवळ सात वर्षं गेली. कारण रायन मोठा व्हायला हवा होता, बापाला भेटायचं की नाही हे स्वतः ठरवू शकेल इतका मोठा. नट बदलला नाही, ऱ्हीस कॉनाह हाच मुलगा लहानपणापासून रायन होता, तो वाढेपर्यंत थांबले. पहिल्या सीझनच्या पहिल्याच प्रसंगात खेळाच्या मैदानावर एक पोरगा अंगावर पेट्रोल ओतून उभा आहे आणि कॅथरीन फायर एक्स्टिंग्विशर घेऊन त्याच्याशी बोलतेय. शेवटच्या भागात तिच्या स्वयंपाकघरात टॉमी बसलाय, आणि शेवटी परत पेट्रोलच. नऊ वर्षांनी गोष्ट फिरून तिथेच येते आणि संपते. लोक अजून बघायला तयार होते, नक्कीच अजून तीन सीझन चालले असते, पण संपवली. असं थांबायला आणि असं संपवायला मागे एक विशिष्ट प्रकारचा पैसा लागतो. वाट बघणारा पैसा. या तिमाहीत किती नवीन गिऱ्हाईकं आली हे जो विचारत नाही तो.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत तर लायसन्स नाही, तिथे काय चांगल्या मालिका झाल्या नाहीत? झाल्या ना! माझी आयुष्यातली सगळ्यात लाडकी मालिका अमेरिकन आहे, द वायर. २००२ ते २००८, पाच सीझन, साठ भाग, बाल्टिमोर शहर. डेव्हिड सायमन हा बाल्टिमोर सनचा जुना क्राइम रिपोर्टर आणि एड बर्न्स हा तिथलाच माजी डिटेक्टिव्ह, जो नंतर शाळेत मास्तर झाला होता, या दोघांचं डोकं. पहिला सीझन गल्लीतल्या ड्रग्जच्या धंद्यावर, दुसरा बंदरावरच्या कामगारांवर, तिसरा नगरपालिकेच्या राजकारणावर, चौथा शाळेवर, पाचवा वर्तमानपत्रावर. चौथा सीझन तर मी वर्षातून एकदा बघतो. मायकल, नेमंड, रँडी, ड्यूकी ही चार पोरं आठवीत आहेत आणि वर्षभरात शाळा, पोलीस, घर, गल्ली मिळून त्यातल्या तिघांचं काय करतात ते बघवत नाही, आणि त्यात एकही माणूस राक्षस नाहीये, प्रत्येकजण आपापली नोकरी सांभाळतोय. परीक्षेचे आकडे वर दिसावेत म्हणून शाळेत जे चालतं ते, आणि गुन्ह्याचे आकडे खाली दिसावेत म्हणून पोलिसात जे चालतं तेच, हे त्या मालिकेने इतकं शांतपणे दाखवलंय की मी ऑफिसात टार्गेटचा चार्ट बघतो तेव्हा मला त्यातल्या प्रेझ मास्तरचा वर्ग आठवतो.

पण द वायरला पैसा कुठला होता ते बघा. ती काढणारं एचबीओ हे चॅनल वर्गणीवर चालायचं, जाहिराती नाहीत, म्हणजे प्रत्येक मालिकेने दर आठवड्याला प्रेक्षक आणलेच पाहिजेत अशी सक्ती नव्हती. प्रेक्षक कमी होते. एमी अवॉर्ड एकही मिळालं नाही, पाच वर्षांत एकही नाही. तरी पाच सीझन करू दिले. आणि गोष्ट एकाच शहराची, तिथली भाषा इतकी अस्सल की अमेरिकेतल्याच लोकांना सबटायटल लागायची म्हणतात. म्हणजे बाल्टिमोर असो नाहीतर हॅलिफॅक्स, माझं म्हणणं तेच राहतं, ज्या मालिकेला आपली गल्ली नीट माहीत असते आणि जिच्या मागचा पैसा धीर धरू शकतो ती टिकते. (त्यातले दोन मुख्य नट मात्र इंग्रज, मॅकनल्टी करणारा डॉमिनिक वेस्ट शेफील्डचा आणि स्ट्रिंगर बेल करणारा इद्रिस एल्बा लंडनचा, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी विश्वासच ठेवला नव्हता.)

लांबीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ब्रिटिश मालिकांचे चाहते सहा भाग, सहा भाग करत असतात, मी पण करायचो. हाउस ऑफ कार्ड्सचं उदाहरण सगळ्यात सोपं. बीबीसीची मूळ मालिका १९९० ची, चार भाग, सुरू झाली त्याच आठवड्यात मार्गारेट थॅचर यांनी राजीनामा जाहीर केला, नंतरचे दोन सीझन धरून सगळे मिळून बारा भाग, इयन रिचर्डसन कॅमेऱ्यात बघून बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो. नेटफ्लिक्सने तीच गोष्ट वॉशिंग्टनला नेऊन त्र्याहत्तर भाग केले. पहिले दोन सीझन मला फार आवडले, पुढे पाणी घालत गेले, आणि शेवटच्या सीझनमधे तर मुख्य पात्रच उरलं नव्हतं. आपल्याकडच्या रोजच्या मालिका टीआरपी असेपर्यंत कशा ताणतात ते आपल्याला सांगायला नको, आणि ज्यांनी दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिका बघितल्यात त्यांना गोष्ट वेळेवर संपली की कसं वाटतं तेही माहीत आहे.

पण नुसतं कमी भाग म्हणजे चांगलं असं नाही. ब्रेकिंग बॅडचे बासष्ट भाग आहेत आणि एकही काढता येणार नाही. द पिट बघा, जानेवारी २०२५ मधे आलेली, पिट्सबर्गच्या इमर्जन्सी वॉर्डमधली एकच शिफ्ट, पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे त्या शिफ्टचा एक तास. जुन्या अमेरिकन मालिकांची जी शिस्त होती, भरपूर भाग, एकच सेट, मर्यादित खर्च, वर्षभरात पुढचा सीझन, ती त्यांनी परत आणली आणि सप्टेंबर २०२५ मधे बेस्ट ड्रामाची एमी घेऊन गेले. उलट सेव्हरन्ससारख्या मालिकेचा पहिला सीझन २०२२ ला आणि दुसरा २०२५ ला, आवडते मला ती, पण मधल्या काळात मी अर्धी गोष्ट विसरलो होतो. हॅपी व्हॅलीत थांबले ते पोरगा वाढायची वाट बघत, इथे थांबायचं ते सेट आणि इफेक्ट्स आणि नटांच्या तारखा यांच्यासाठी. दोन्ही थांबण्यात फरक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस. १ ते ४ जानेवारी २०२४, आयटीव्हीवर सलग चार रात्री चार भाग, लेखिका ग्वेनेथ ह्यूज. ही बीबीसीची नाही हे मला माहितीय, त्यावर येतो.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसं म्हणजे बहुतेक वेळा एक दुकान असतं, पेपर, दूध, चॉकलेट आणि आत एका बाजूला पोस्टाचं काउंटर, चालवणारा तो सबपोस्टमास्तर. आपल्या भागातून आलेली, गुजराती, पंजाबी, अशी बरीच कुटुंबं या धंद्यात आहेत. १९९९ पासून पोस्टाने फुजित्सूचं होरायझन नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, त्यात चुका होत्या, हिशोबात नसलेली तूट दिसायची, आणि पोस्टाचं म्हणणं की करारानुसार तूट तुम्ही भरा. नाही भरली तर चोरीचा खटला. २०१५ पर्यंत नऊशेहून जास्त लोकांना दोषी ठरवलं गेलं. लोकांनी घरं विकली, जेलमधे गेले, काहींनी जीव दिला. सरे मधल्या एका भारतीय वंशाच्या बाईला २०१० साली गरोदर असताना तुरुंगात टाकलं. हेल्पलाइनला फोन केला की प्रत्येकाला सांगायचे, असा त्रास होणारे तुम्ही एकटेच आहात. मालिकेत एक प्रसंग आहे, जो हॅमिल्टन ही हँपशायरच्या खेड्यातली बाई फोनवर हेल्पलाइन सांगेल तसं बटण दाबतेय आणि तिच्या डोळ्यादेखत तुटीचा आकडा दुप्पट होतो. मी स्वतः सॉफ्टवेअरमधे काम करतो. मला तो प्रसंग बघून रात्री झोप लागली नाही, कारण सिस्टीम म्हणतेय म्हणजे माणूसच चुकला असणार असं वाक्य मी मीटिंगमधे किती वेळा ऐकलंय आणि गप्प बसलोय ते मला आठवत होतं.

हे सगळं लपलेलं होतं असं नाही. कॉम्प्युटर वीकली या साप्ताहिकाने २००९ मधेच छापलं होतं. ॲलन बेट्सने त्याच वर्षी सगळ्यांना गोळा करायला सुरुवात केली. २०१९ मधे हायकोर्टात ५५५ जणांचा खटला त्यांनी जिंकला, ५ कोटी ७७ लाख पाउंडांची तडजोड झाली आणि त्यातला मोठा हिस्सा वकील आणि खटल्याला पैसा पुरवणाऱ्यांकडे गेला. चौकशी आयोग बसला होता, बातम्या येत होत्या, आणि देश वाचून पुढचं पान उलटत होता. मग चार रात्री टोबी जोन्स बेट्स म्हणून टीव्हीवर आला. दहा जानेवारीला पंतप्रधान ऋषी सुनक पार्लमेंटमधे उभं राहून सांगतात की कायदाच करून या सगळ्यांच्या शिक्षा रद्द करू, पोस्टाच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स सीबीई हा मानाचा किताब परत करतात, आणि मे महिन्यात तो कायदा होतो. पंधरा वर्षं रिपोर्ट, कोर्ट, आयोग यांनी जे झालं नव्हतं ते एका आठवड्यात हललं. त्या जानेवारीत आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेलो तर काउंटरवरचे काका, सुरतेचे आहेत, एरवी हवामानापलीकडे कधी बोलत नाहीत, ते माझ्यासमोर एका इंग्रज म्हाताऱ्याला तूट कशी दिसायची ते समजावून सांगत होते आणि मागे पाचसहा जणांची रांग शांत उभी होती, कोणी घाई केली नाही.

आणि आता ऐका, या मालिकेत आयटीव्हीला तोटा झाला. इतकी गाजून. आयटीव्ही जाहिरातीवर चालतं, पण त्यालाही सार्वजनिक सेवेचं बंधन आहे, आणि आजकाल मोठी मालिका नुसत्या घरच्या पैशावर निघत नाही, परदेशी विक्री लागते. गावच्या पोस्टातल्या हिशोबाची गोष्ट कॅलिफोर्नियात बसलेला माणूस कशाला घेईल? म्हणजे ज्या मालिकेने देशाचा कायदा बदलला ती धंद्याच्या हिशोबात फसलेली आहे. माझ्या मित्रांना मी हेच विचारतो, बाजारावर सोडा म्हणता, तर बाजाराचं उत्तर हे आहे. पुढची अशी मालिका काढायला कोणाचा हात धजेल?

बीबीसीची पण तीच गत. वूल्फ हॉलचा दुसरा सीझन २०२४ मधे आला, हेन्री आठव्याच्या दरबारातला थॉमस क्रॉमवेल, मार्क रायलन्स, इतकं सुंदर काम. त्याचे दिग्दर्शक पीटर कोझमिन्स्की यांनी पार्लमेंटच्या समितीला लिहून दिलं की पैसे पुरेनात म्हणून दिग्दर्शक, लेखक, निर्माता आणि मुख्य नट यांनी स्वतःच्या मानधनाचा बराच भाग सोडला, बाहेरचे बरेच प्रसंग काढून टाकले आणि माणसं खोल्यांमधे बोलताना दाखवली. त्यांनी सुचवलं की स्ट्रीमिंग कंपन्यांच्या ब्रिटनमधल्या वर्गणीच्या उत्पन्नावर ५ टक्के आकार बसवा आणि तो इथल्या मालिकांच्या फंडात टाका. एप्रिल २०२५ मधे समितीनेही तीच शिफारस केली. मला ती पूर्ण पटते.

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे ॲडोलेसन्स. मार्च २०२५, नेटफ्लिक्स, चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमधे, तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप. तो मुलगा करणाऱ्या ओवेन कूपरला पंधराव्या वर्षी एमी मिळालं. इथल्या शाळांना ती फुकट दाखवायची सोय केली. यॉर्कशायरमधलीच गोष्ट, आणि सगळ्या जगाने बघितली. मित्र म्हणतात बघ, नेटफ्लिक्सने काढली की. खरंय, काढली, आणि तिसरा भाग, ती मानसशास्त्रज्ञ आणि तो मुलगा एका खोलीत, त्याच्या तोडीचं गेल्या दहा वर्षांत मी काही बघितलं नाहीये. पण लिहिणारे कोण? जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम. ते कुठे तयार झाले? चॅनल फोरवर २०१० मधे धिस इज इंग्लंड ८६ आली तिच्या लेखकांत थॉर्न होता आणि त्यात ग्रॅहम होता, आणि चॅनल फोर हे जाहिरातीवर चालत असलं तरी सरकारी मालकीचं आहे. एचबीओवरची सक्सेशन लिहिणारा जेसी आर्मस्ट्राँग चॅनल फोर आणि बीबीसीवर लिहून लिहून तयार झाला. भ्रष्ट पोलिसांवरच्या लाइन ऑफ ड्यूटी या मालिकेचा लेखक जेड मर्क्युरिओ डॉक्टर होता, १९९४ मधे बीबीसीने त्याच्याकडून हॉस्पिटलवरची मालिका लिहून घेतली तेव्हा त्याला कोण ओळखत होतं? सॅली वेनराइट रेडिओवर आणि कोरोनेशन स्ट्रीटवर घडली. म्हणजे नर्सरीत रोपं वाढवायची इथल्या लोकांच्या पैशावर, आणि झाड फळाला आलं की अमेरिकन कंपनीने घेऊन जायचं. घेऊन जा, त्यात वाईट काही नाही, पण नर्सरीच्या पाण्याचे पैसे तरी द्या ना.

(लाइन ऑफ ड्यूटीच्या शेवटावरून सगळे चिडले होते, एच या नावाचा पोलिसांतला छुपा सूत्रधार म्हणजे तो बकल्स साहेब कसा काय म्हणून. मला तो शेवट आवडला. मोठा कोणी सूत्रधार नाही, एक निर्बुद्ध साहेब बढत्या घेत वर चढत गेला आणि कोणी अडवलं नाही, यापेक्षा खरं काय असणार.)

लायसन्समधलं मला काय पटत नाही तेही सांगतो. बँकेतला मोठा साहेब आणि शिफ्टमधली नर्स दोघांना सारखीच फी हे चूक आहे. न भरणाऱ्यांवर फौजदारी खटले होतात, त्यात गरीब बायकाच जास्त सापडतात, ते ताबडतोब बंद व्हायला हवं. बीबीसीची सध्याची सनद २०२७ च्या अखेरीला संपतेय, तेव्हा फी उत्पन्नाप्रमाणे करा, कौन्सिल टॅक्सला, म्हणजे इथल्या घरपट्टीला जोडा, काय करायचं ते करा. पण वर्गणी करू नका. द वायरच्या वेळी एचबीओने धीर धरला ते खरं, पण एरवी वर्गणी झाली की प्रत्येक मालिकेला विचारणार तू किती गिऱ्हाईकं आणलीस, आणि हॅलिफॅक्सची सार्जंट या प्रश्नाला उत्तर देत बसली असती तर रायन मोठा झालाच नसता. पावणेदोनशे पाउंड म्हणजे रोजचे ४८ पेन्स. माझ्या मित्राला मी एवढंच म्हणालो की तुझ्या मुलीच्या शाळेत ॲडोलेसन्स दाखवली तेव्हा तू मला रात्री फोन करून तासभर बोललास, असं लिहिणारी माणसं ४८ पेन्सवर वाढतात.

त्याने या वर्षीही लायसन्स घेतलं नाही. मी घेतलं.

मला एक मालिका बघायचीय. स्विंडनला गोव्याची हजारो माणसं राहतात, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, गोदामांत रात्रपाळी करणारी, रविवारी चर्चला जाणारी, घरी कोंकणी बोलणारी. होंडाचा कारखाना २०२१ मधे बंद झाला ते हेच गाव. ब्रेक्झिट झालं, युरोपियन पासपोर्टचा अर्थ एका रात्रीत बदलला, एकाच घरातल्या दोन भावांचे कागद वेगळे झाले असतील. चार भाग पुरे आहेत. एक भाऊ, एक बहीण, गोदामातला सुपरवायझर, आणि म्हापशाहून फोन करणारी आई. कॅलिफोर्नियातल्या मीटिंगमधे हे कोणी मांडलं तर पहिल्या मिनिटाला विचारतील स्विंडन कुठे आहे. बीबीसीच्या ब्रिस्टलच्या ऑफिसातून स्विंडन ट्रेनने पाऊण तासाच्या आत आहे.